बाई, मला ऐकू आलं होतं

बाई, तुमच्या शोकसभेत मी तुमच्याबद्दल बोलायला उभा राहिलो आणि सगळा वेळ स्वतःबद्दल बोललो.

ठरवून नाही केलं. सुरुवात बरी झाली होती. 'ओव्हाळ बाई आणि मी एकाच वर्षी नांद्याच्या या शाळेत रुजू झालो,' असं म्हणालो, आणि त्या वाक्यातला 'मी' जो सुटला तो थांबेचना. मी कोथरूडहून स्कूटरवर कसा येतो, पावसाळ्यात माझी गाडी कशी घसरली, मी मुलांना वाचनाची गोडी कशी लावली. तुम्ही अधूनमधून येत होतात, पण मागच्या सीटवर. मुख्याध्यापक दोनदा खाकरले. मग त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर मला वाटलं माझ्या घशाच्या काळजीनं. शेवटी शांतता पाळली. त्या शांततेत तुमचा आवाज मला अगदी कानाशी आला: "झालं का सर तुमचं? मी मरू का आता?"

तुम्ही खरंच असं म्हणाला असतात.

सभा संपल्यावर दहावीतला ओंकार जवळ आला. तात्यांचा ओंकार. रडून डोळे सुजले होते त्याचे. म्हणाला, "सर, अंजूला आता शाळेत कोन आणनार?" मी म्हणालो, "बघू." दुसरं काय म्हणणार? हा प्रश्न जगातल्या सगळ्या माणसांना सोडून ओंकारनं विचारावा, यातली गंमत फक्त तुम्हाला कळली असती. इतर कुणी हे वाचणार असेल तर त्यांना पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि पहिल्यापासून सांगायचं म्हणजे माझ्या मूर्खपणाचे किस्से सांगावे लागतील. तो साठा माझ्याकडे कधी कमी पडलेला नाही.

तुम्ही तुमच्या गावाहून, मालेहून, एसटीनं पिरंगुटपर्यंत यायच्या, मी भूगावचा ट्रॅफिक चुकवत पिरंगुटला पोचायचो, आणि तिथून नांद्यापर्यंत तुम्ही माझ्या मागे. वर्गात तुम्ही गणित इतक्या स्वच्छ पुस्तकी मराठीत शिकवायच्या की मला माझ्याच उच्चारांची शंका यायची, आणि स्कूटरवर बसलात की पूर्ण माले. भांडण पिरंगुटला सुरू व्हायचं आणि शाळेच्या फाटकात अर्धवट राहायचं. मी हरायला लागलो की हेल्मेटमध्ये मान हलवायचो, "ऐकू येत नाही." मग तुम्ही मागून बोटाच्या पेरांनी हेल्मेटवर टकटक करायच्या, दारावर करतात तशी, आणि तेच वाक्य पुन्हा, दुप्पट मोठ्यानं. लवळ्याच्या वळणावर भाजी विकणारी बाई एकदा मला म्हणाली, "तुमचं रोजचंच हाय का ओ हे?"

आपलं मुख्य भांडण एकच होतं. मी म्हणायचो, "मी वर्गात जात बघत नाही, पैसा बघत नाही, गावचा की बाहेरचा तेही बघत नाही. माझ्यासाठी सगळी मुलं सारखी."

तुम्ही म्हणायच्या, "बघत न्हाई, त्येच तर. बघा की जरा."

तुम्ही उघड पक्षपात करायच्या. ज्या मुलांच्या घरी बसायला जागा नाही त्यांना गृहपाठ माफ, मधल्या सुट्टीत तुमच्यासमोर करून घ्यायच्या. मी सगळ्यांना सारखा गृहपाठ द्यायचो आणि सगळ्यांना सारखा शेरा मारायचो. मला माझ्या या न्यायाचा फार अभिमान होता. एकदा वर्गाला मी माझ्या कष्टांची गोष्ट सांगितली. ऐन परीक्षेत आमच्या कॉलनीची वीज गेली आणि मी मेणबत्तीवर अभ्यास केला. आवाजात थोडा कंपही आणला होता. पहिल्या बाकावरून अंजू म्हणाली, "मंग सर, लाईट कवा आली?" मी म्हणालो, "तासाभरानं." वर्गातली मुलं चांगली होती, कुणी हसलं नाही. हे मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही स्कूटर थांबवायला लावलीत. तुम्हाला खाली उतरून हसायचं होतं.

अंजू तेव्हा आठवीत. वडील फरशी बसवणारे, बिहारचे. घरात हिंदी, पण पोरगी नांद्यातच वाढलेली, त्यामुळे तिची मराठी माझ्यापेक्षा जास्त मुळशीची. ती राहायची तात्यांच्या खोल्यांत. तात्यांनी बरीचशी जमीन बिल्डरला दिली होती आणि उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या खोल्यांची रांग बांधून भाड्यानं दिली होती. आमच्या शाळेत असं पुष्कळदा होतं. घरमालकाचं पोर आणि भाडेकरूचं पोर एकाच वर्गात, कधी एकाच बाकावर. ओंकार आणि अंजू तसेच. सकाळी एकाच नळावर दात घासून येणारे, फक्त नळ ओंकारचा.

मॉनिटर कायम गावातलाच मुलगा असायचा. मी ठरवलं, हे मोडायचं. अंजूला मॉनिटर केलं. तास मोकळा असला की तिनं फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची आणि पुन्हा बोलला तर नावापुढे फुली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम, पण माझ्या डोक्यात ती क्रांती होती. तुम्हाला हे स्कूटरवर सांगितलं. मग टकटक.

"सर, तिला मॉनिटर करा, इज्ञान प्रदर्शनात फुडं करा, काय पायजे ते करा. पर ओंकारचं नाव फळ्यावर लिवायचं काम तिला देऊ नका."

"का? नियम सगळ्यांना सारखा."

"नियम सारखाच हाय. पर खोली ओंकारच्या बापाची हाय."

मी म्हणालो, "ऐकू येत नाही."

पुढचं व्हायचं तेच झालं. मी मुद्दाम एक तास वर्गाबाहेर राहिलो. परतलो तर फळ्यावर पहिलं नाव ओंकारचं, पुढे फुल्यांची माळ. अंजू खडू हातात धरून भिंतीला टेकलेली. तिच्या तोंडावरची भीती मला दिसली होती, बाई. मी तिला धैर्य समजलो. ओंकारला दाराबाहेर उभं केलं आणि अंजूसाठी अख्ख्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. "न घाबरता नाव लिहिलंस, याला म्हणतात समता!" ओंकार दाराच्या चौकटीतून बघत होता. त्याला माझा राग आला असता तर चाललं असतं. माझ्यावर राग काढायला त्याच्याकडे काही नव्हतं.

आठवडा संपायच्या आत तात्यांनी अंजूच्या वडलांना सांगितलं की खोली रिकामी करा, पत्रे बदलायचेत. पत्रे फक्त त्याच एका खोलीचे बदलायचे होते.

तुम्ही माझ्याकडे आलात, स्टाफरूममध्ये, सगळ्यांदेखत नाही, बाजूला घेऊन. म्हणालात, "शनिवारी शाळा सुटली की तात्यांकडं जाऊ. तुमी चला."

मी म्हणालो, "बाई, तात्या तुमच्या ओळखीचे. तुमच्या गावाकडचे. तुम्हीच नीट बोलाल."

"माझ्या वळखीचे हायत म्हणूनच. तुमी आलात की तात्या आतनं खुर्ची काढत्यात. मी गेले की वट्यावर बसवत्यात. च्या दोगांनाबी मिळतो, पर खुर्चीवरच्याचं ऐकत्यात."

हे तुम्ही काही कडवटपणे म्हणाला नव्हतात. छत्री आणलीय का विचारावं तसं म्हणाला होतात. आणि मला त्यातलं 'खुर्ची काढतात' एवढंच ऐकून बरं वाटलं होतं. असा मी.

पण शनिवारी मला पुण्यात भाषण होतं. शिक्षकांच्या एका शिबिरात. विषय, वर्गातील समता. मी म्हणालो, "सोमवारी जाऊ ना." तुम्ही मान हलवलीत. त्याला होकार समजून मी गेलो.

भाषण जोरात झालं. मी अंजूचीच गोष्ट सांगितली. 'एका स्थलांतरित मजुराच्या मुलीच्या हातात मी खडू दिला आणि तिनं जमीनदाराच्या मुलाचं नाव लिहिलं.' पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. शाल आणि नारळ मिळाला. त्याच दुपारी तुम्ही तात्यांच्या ओट्यावर बसला होतात, आणि तात्या तुम्हाला चहा पाजून गोड बोलून सांगत होते की पोरांच्या भांडणाचा काही संबंध नाही, पावसाळ्याच्या आत पत्रे व्हायला हवेत. सोमवारी मी विचारलं, "मग, कधी जायचं?" तुम्ही म्हणालात, "झालं जाऊन."

एवढंच. त्यावर एक शब्द वाढवला नाहीत. मी दुसऱ्याला असं कोंडीत धरलं असतं तर महिनाभर ते पुरवून पुरवून खाल्लं असतं.

अंजूचे आईवडील धाकट्या दोघांना घेऊन चाकणच्या पुढे नव्या कामावर गेले. तिकडे वर्षाच्या मध्येच मराठी शाळेत नाव घालायचं म्हणजे पोरगी घरीच बसणार हे दिसत होतं. तुम्ही तिला मालेला आणलंत. घरात तुम्ही आणि तुमची आई, दोन खोल्या आणि पडवी. मग रोज सकाळी एसटीनं दोघी. पिरंगुटला तुम्ही अंजूला शाळेच्या बाकीच्या पोरांबरोबर जीपमध्ये बसवायच्या आणि मग माझ्या मागे. मला फार भरून आलं होतं. मी हे घरी सांगितलं, मित्रांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. 'आमच्या शाळेतल्या एका बाई' असं सुरू करून असं सांगायचो की ऐकणाऱ्यांना वाटावं, यात माझाही हात आहे. आणि होताच की. तिला बेघर करण्यात.

आता तो प्रश्न, तुम्ही मला विचारलेला.

अंजू नववीत गेली होती. तुमचा पाय दुखायला लागला होता, एसटीत उभं राहवत नव्हतं. अंजूला मालेहून येता-जाता इतका वेळ जायचा की घरी पोचून ती वही उघडी टाकून झोपायची. आपण पिरंगुट सोडलं होतं. ऊन होतं, वारा नव्हता, गाडी हळू होती. तुम्ही म्हणालात, "सर, तुमच्याकडं एक खोली रिकामी हाय न्हवं? पोरगा परदेशात गेल्यापासनं?"

बाई, मला ऐकू आलं होतं. अगदी लख्ख.

त्या खोलीत तेव्हा काय होतं तेही सांगतो. रिकाम्या सुटकेस. मुलाची जुनी टेनिसची रॅकेट. व्यायामाची सायकल, जिच्यावर मी टॉवेल वाळत घालतो. आणि सायकलवर धूळ बसू नये म्हणून घातलेली ती शिबिरातली शाल. खिडकीला लागून टेबल, टेबलावर दिवा. माझ्या वडलांनी मला केलं होतं तसं मी मुलाला करून दिलेलं. अशा टेबलाशी बसून आमच्या घरातल्या दोन पिढ्या स्वतःच्या हिमतीवर शिकल्या, असं आम्ही सांगतो.

मी गाडीचा वेग वाढवला. हेल्मेटमध्ये मान हलवली.

आणि तुम्ही टकटक केली नाहीत.

इतक्या वर्षांत ते एकदाच. मी वाट बघत होतो, खरंच. डोकं थोडं मागेही नेलं. तुम्ही टकटक केली असतीत तर मी काहीतरी म्हणालो असतो. बायकोला विचारतो, मुलगा मध्येच येतो, सोसायटीत चौकशा होतात. सगळी वाक्यं तयार होती. तुम्ही मला त्यातलं एकही वापरू दिलं नाहीत. शाळेच्या फाटकात उतरलात, पदर नीट केलात आणि म्हणालात, "आज आठवीची चाचणी हाय, तुमचा तास मला द्या." मी दिला. तास द्यायला मी कायम तयार असायचो.

त्यानंतर तुम्ही विषय काढला नाहीत. उलट उन्हाळ्यात डबाभरून करवंदं आणलीत, माझ्या बायकोला आवडतात म्हणून. अबोला धरला असतात तर मी आधी चिडलो असतो, मग माफी मागितली असती, आणि मला कसं मन मोठं करून माफी मागता येते याची आणखी एक गोष्ट तयार झाली असती. तुम्ही करवंदं आणलीत. डबा परत न्यायचा विसरलात. डबा आमच्याकडेच आहे. त्यात मी स्क्रू ठेवतो.

मला शिकवायला तुम्ही शिकवलंत, बाई, हे शोकसभेत बोलायचं होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी 'आमची सहल' हा निबंध दिला होता, आणि अर्ध्या वर्गानं एकाच मुलाची सहल उतरवून काढली, कारण सहलीला तो एकटाच गेला होता. मी कॉपीबद्दल सगळ्यांना उभं करणार होतो. तुम्ही शेजारच्या वर्गातून आलात आणि मुलांना म्हणालात, "सर म्हणतायत, आज सकाळी शाळेत येताना काय काय दिसलं ते लिहा." मी असं काही म्हणालो नव्हतो. त्या निबंधांनी माझी झोप उडवली. ते मी शिबिरांत वाचून दाखवतो, माझा उपक्रम म्हणून. तुम्ही एकदा प्रेक्षकांत होतात. टाळ्यासुद्धा वाजवल्यात.

शोकसभेहून घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. खोलीचं पण. ती भाजी निवडत होती. हात थांबले तिचे.

"त्यांनी विचारलं होतं? आणि तू मला बोलला नाहीस?"

"तुला चाललं असतं का, याची मला…"

"विचारून तर बघायचंस. मी नाही म्हणाले असते हे तू कशावरून ठरवलंस?" आणि भाजी बाजूला सारत, "माझ्या नावावर किती नकार खपवलेस रे आजवर?"

म्हणजे तेही कारण गेलं. मी रविवारी मालेला निघालो.

तुमच्या पुण्यानुमोदनाला अंगण भरलं होतं. वंदना झाली, तुमच्या फोटोला सगळ्यांनी फुलं वाहिली. फोटो निवडणुकीच्या ड्युटीच्या ओळखपत्रावरचा मोठा केलेला होता, त्यात तुम्ही कुणाला तरी झापायच्या बेतात दिसता. मला कुणीतरी आतून खुर्ची आणून दिली. मी ओट्यावर बसलो. तर सगळे 'अहो सर, वर बसा, वर बसा' करायला लागले आणि विधी सोडून सगळं लक्ष माझ्याकडे. म्हणून पुन्हा उठून खुर्चीवर बसलो. साधेपणासुद्धा मला गुपचूप करता येत नाही.

जेवणं उरकल्यावर घरचेच उरले. पिंपरीचा तुमचा भाऊ म्हणाला, "घर बंद करतो आन आईला घिऊन जातो. एकटीला कुटं ठेवायची हितं? पोरीला तिच्या बापाकडं पोचवू." अंजू मोरीपाशी ताटं घासत होती. पाण्याचा आवाज थांबला. दहावीचं वर्ष आहे तिचं, परीक्षेला काही महिने उरलेत.

मी उभा राहिलो. "अंजू आमच्याकडे राहील. कोथरूडला. एक खोली आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि एक क्षण, बाई, मी फार उंच झालो. तुमच्या फोटोकडेसुद्धा बघितलं.

तुमच्या आईनं डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं. "किती दिस ठेवनार, मास्तर?"

"दहावी होईपर्यंत. हवं तितके दिवस. म्हणजे, दिवाळीत मुलगा येतोय, तेवढे पंधरा दिवस तिला हॉलमध्ये झोपावं लागेल. आणि सोसायटीचं जरा… पण ते मी बोलेन त्यांच्याशी. आणि नंतरचं मग नंतर बघता येईल."

कुणी विचारलं नव्हतं मला दिवाळीचं. माझं मीच सांगत सुटलो. खोली देताना ती परत कधी घ्यायची हे आधी सांगून ठेवायला मला कुणी शिकवलं, माहीत नाही.

तुमची आई लेकाला म्हणाली, "कुटं जात न्हाई मी. हिची धाव्वी हुंदे. मंग यीन पिंपरीला." भाऊ काहीतरी म्हणायला लागला, तर म्हणाली, "सुनंदानं आनलीया पोरगी. सुनंदाचं काम अर्ध्यात टाकून जाऊ व्हय?" विषय संपला.

खरं सांगतो, तुम्हाला तरी खरं सांगतो. मला हायसं वाटलं. लाज वाटायच्या आधी हायसं वाटलं. तोंडानं मी म्हणत होतो, "तरी पण, केव्हाही, आमचं दार उघडं आहे," आणि आतून खांदे सैल झाले होते.

निघताना अंजू गाडीपर्यंत आली. ओले हात ओढणीला पुसत उभी राहिली. उंची वाढलीय तिची. मी म्हणालो, "रोज सकाळी पिरंगुटला थांबत जा. जीप नको, माझ्याबरोबर चल." तिनं मान हलवली. मग म्हणालो, "आणि खोलीचं मी मनापासून म्हणालो होतो, बरं का. आजी नाही म्हणाल्या म्हणून. नाहीतर खोली तयार आहे."

"आजी न्हाई म्हनल्या तवा तुमचा जीव भांड्यात पडला, सर. मला मोरीतनं दिसलं."

"तसं नाही अंजू. तुला वाईट वाटलं का?"

"न्हाई," ती म्हणाली. "तात्यांनी आमची खोली काढून घेतली, सर. पर आधी दिली तरी व्हती."